होस्टिंग पुरवठादार उत्तर देत नाही : वाचनालयाचे डोमेन आणि अहिराणी संग्रह कसा सोडवून घ्यावा?

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाचे एक संकेतस्थळ आहे. त्यावर ग्रंथसूचीबरोबरच अहिराणी शब्दांचा संग्रह, जात्यावरच्या ओव्या आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) व कानबाई या देवीच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. चोपडा, शिरपूर, यावल, पारोळा अशा ठिकठिकाणच्या लोकांनी ती पाठवलेली आहेत. गाणी म्हणणाऱ्या आजीबाईंपैकी काही आता हयात नाहीत, त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे पुन्हा करून घेणे शक्य नाही. मी हा धागा उघडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) आणि डोमेन (संकेतस्थळाचे नाव) दोन्ही एकाच छोट्या पुरवठादाराकडून घेतलेले आहे. पूर्वी त्यांची सेवा चांगली होती आणि फोन केला की काम होत असे. अलीकडे मात्र संकेतस्थळ संध्याकाळच्या वेळी वारंवार बंद पडते आणि डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा संदेश दिसतो. तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक येतो, पण पुढे काही होत नाही आणि काही दिवसांनी ती तक्रार आपोआप बंद झाल्याचे कळवले जाते. फोन वाजत राहतो. ईमेललाही उत्तर येत नाही. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचे नियंत्रण-पान) अजून उघडते, परंतु तिथे पूर्ण बॅकअपची आज्ञा दिली तर ती अर्ध्यावर थांबते. वाचनालयाचा ईमेल पत्ताही याच डोमेनवर आहे, आणि डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपते.

कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे की आणखी थोडी वाट पाहावी. काही जण म्हणतात की सरळ वकिलामार्फत नोटीस पाठवावी. आधी काय करावे आणि नंतर काय, याचा क्रम जाणकारांनी कृपया सांगावा.

भुसावळी

सीपॅनेल उघडते आहे, ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. पुरवठादाराच्या उत्तराची वाट पाहणे आजच थांबवा. तो उद्या बोलेल किंवा बोलणारही नाही, पण तुमच्या फाइली आज तुम्हाला उतरवून घेता येतात आणि त्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नाही. नोटीस, तक्रार, नवे होस्टिंग हे सगळे त्यानंतर.

पूर्ण बॅकअप अर्ध्यावर थांबतो याचा बहुधा अर्थ असा की सर्व्हरची डिस्क भरलेली आहे. सीपॅनेल पूर्ण बॅकअप घेताना आधी त्याच डिस्कवर एक मोठी आवळलेली फाइल तयार करते, आणि जागाच नसेल तर ती फाइल पुरी होत नाही. डेटाबेस अधूनमधून तुटतो यालाही तेच कारण असू शकते, कारण डिस्क भरली की मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीला लिहिण्यासाठी जागा उरत नाही. म्हणून पूर्ण बॅकअपचा नाद सोडा. पुन्हा पुन्हा तीच आज्ञा दिली तर अर्धवट फाइली साचून उरलीसुरली जागाही संपेल. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन अशा अर्धवट बॅकअपच्या फाइली दिसल्या तर त्या मात्र काढून टाका.

आता तुकड्यातुकड्याने उतरवा. पहिला डेटाबेस, कारण शब्दसंग्रह आणि ओव्यांचा मजकूर तिथे आहे. पहाटे किंवा सकाळी लवकर, सर्व्हरवर ताण कमी असताना, सीपॅनेलमधील पीएचपीमायअॅडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधन उघडा आणि एक्स्पोर्ट (निर्यात) करा. सगळा डेटाबेस एकदम उतरत नसेल तर एकेक तक्ता घ्या. संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर नोंदी, नोंदींची जास्तीची माहिती, वर्गीकरण आणि सदस्य हे तक्ते प्रथम घ्या. काही सुरक्षा-प्लगइन आपल्या नोंदींचे मोठमोठे तक्ते करतात, ते शेवटी घेतले किंवा सोडले तरी चालतात. उतरवलेली प्रत्येक फाइल नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडून तिचे शेपूट पाहा. पीएचपीमायअॅडमिनची पूर्ण उतरलेली फाइल शेवटी ‘कमिट’ या आज्ञेपर्यंत पोचलेली असते. मधल्याच एखाद्या ओळीत वाक्य तुटलेले दिसले तर वेळमर्यादेमुळे निर्यात अर्धवट राहिली, असे समजा. अशी फाइल दिसायला व्यवस्थित असते आणि आयात करताना घात करते.

फाइलींसाठी फाइलझिला हा फाइली उतरवण्याचा प्रोग्राम वापरा आणि एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत चालत असेल तर तीच घ्या. वर्डप्रेसमध्ये अपलोड्सचा फोल्डर सर्वांत महत्त्वाचा, कारण ध्वनिमुद्रणे तिथेच असतात. वर्डप्रेस स्वतः आणि बहुतेक प्लगइन नव्याने मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी अडून बसू नका. कॉन्फिग फाइल मात्र नक्की घ्या, तिच्यात डेटाबेसच्या तक्त्यांचे उपसर्ग आणि अक्षरसंच नोंदवलेले असतात.

गिरणाकाठ

भुसावळी यांच्याशी पूर्ण सहमत. फाइली उतरत असतानाच दुसरे काम हाती घ्या, ते म्हणजे डोमेन कोणाकडे नोंदलेले आहे हे पाहणे. होस्टिंग आणि डोमेन एकाच बिलात असले तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटे पुरवठादार बहुतेक वेळा स्वतः रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी अधिकृत कंपनी) नसतात, ते एखाद्या मोठ्या अधिकृत रजिस्ट्रारचे पुनर्विक्रेते असतात. त्यामुळे पुरवठादार गप्प असला तरी त्याच्या वरचा रजिस्ट्रार चालू असतो आणि त्याला पत्र लिहिता येते.

आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लुकअप (शोध) पानावर आपले डोमेन टाकून पाहा. रजिस्ट्रारचे नाव, मुदत संपण्याची तारीख, नेमसर्व्हर (डोमेन कुठे वळते ते सांगणारे सर्व्हर) आणि डोमेनची स्थिती एवढे तिथे दिसते. पूर्वी ही माहिती हूइज पद्धतीने मिळत असे. २८ जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’ यांसारख्या जेनेरिक डोमेनसाठी तिची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली आहे, पण आपल्यासारख्या वापरणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. मे २०१८ नंतर नोंदणीदाराचे नाव बहुतेक वेळा लपवलेले असते, म्हणून डोमेन वाचनालयाच्या नावावर आहे की पुरवठादाराच्या, हे बाहेरून कळणार नाही. ते रजिस्ट्रारला विचारावे लागेल.

आणखी एक सूचना. रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार वाचनालयाच्या डोमेनवरील पत्त्यावरून करू नका. सर्व्हर बंद पडला की त्यांचे उत्तर आणि पडताळणीचा दुवा दोन्ही तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. जीमेलसारखा स्वतंत्र पत्ता द्या आणि तोच पत्ता डोमेनच्या नोंदीत बदलून घ्या.

अनेरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. डोमेन ‘.ऑर्ग’ आहे. लुकअपमध्ये एका मोठ्या रजिस्ट्रारचे नाव दिसते आणि पुरवठादाराचा उल्लेख कुठेही नाही. स्थितीमध्ये ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असे लिहिलेले आहे. याचा अर्थ पुरवठादाराने डोमेन अडवून ठेवले आहे का? अर्धवट बॅकअपच्या तीन मोठ्या फाइली सापडल्या होत्या, त्या काढल्यानंतर संकेतस्थळ थोडे सुधारले आहे. अपलोड्सचा फोल्डर उतरतो आहे, पण आमच्या गावातल्या इंटरनेटला वेळ लागतो.

गिरणाकाठ

नाही, ती स्थिती पाहून घाबरू नका. ते साधे कुलूप आहे. कोणी परस्पर डोमेन हलवू नये म्हणून जवळजवळ सगळेच रजिस्ट्रार ते लावून ठेवतात. नोंदणीदाराने मागणी केली की ते काढणे आणि हस्तांतराचा, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याचा, संकेत (कोड) देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. आयकॅनच्या हस्तांतर धोरणानुसार, नोंदणीदाराला ही सोय स्वतःच्या पॅनेलमधून उपलब्ध नसेल तर त्याने मागितल्यापासून पाच दिवसांत संकेत द्यावा लागतो. रजिस्ट्रारने तो दिला नाही तर आयकॅनकडे तक्रार करण्याचा अर्ज आहे. मात्र ती तक्रार रजिस्ट्रारविरुद्ध असते. होस्टिंग कंपनी फाइली देत नाही किंवा फोन उचलत नाही, यात आयकॅन काहीच करू शकत नाही, त्यामुळे अर्जात होस्टिंगचे गाऱ्हाणे मिसळू नका.

एक खबरदारी घ्या. काही रजिस्ट्रार नोंदणीदाराचे नाव किंवा ईमेल बदलल्यावर साठ दिवस हस्तांतर रोखतात. बदल करण्याआधी त्यांना स्पष्ट विचारा आणि हा रोध नको असल्याचे लेखी कळवा. तरीही रोध लागला तर हस्तांतराचा आग्रह सोडून त्याच रजिस्ट्रारकडे वाचनालयाच्या नावाने थेट खाते उघडून डोमेन त्यात घेता येते का, ते पाहा. बऱ्याच रजिस्ट्रारांकडे असे अंतर्गत स्थलांतर होते आणि ते लवकरही होते.

मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे, म्हणून आधी नूतनीकरण करावे की हस्तांतर, हेही ठरवावे लागेल. ‘.ऑर्ग’चे हस्तांतर पूर्ण झाले की मुदतीत एक वर्ष वाढते, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. पण हस्तांतरात काही दिवस जातात. मुदतीच्या अगदी तोंडावर ते अडकण्याची शक्यता वाटली तर सरळ रजिस्ट्रारकडेच नूतनीकरणाचे पैसे भरा. मुदत उलटली तरी डोमेन त्याच दिवशी हातचे जात नाही. नूतनीकरणासाठी काही दिवस मिळतात, जे रजिस्ट्रारनुसार कमीजास्त असतात आणि जास्तीत जास्त पंचेचाळीस असतात. त्यानंतर तीस दिवस जादा शुल्क भरून डोमेन परत मिळवता येते आणि शेवटचे पाच दिवस मिटवण्याचे असतात. या दिवसांवर विसंबून मात्र राहू नका, कारण मुदत संपताच संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही बंद होऊ शकतात.

रावेरकर

आमचा केळीचा व्यवसाय आहे आणि रोजचे भाव आम्ही संकेतस्थळावर टाकतो. आमच्या बाबतीतही असेच घडले होते, फक्त डोमेन ‘.इन’ होते. रजिस्ट्रारला लिहिल्यावर कळले की नोंदणीदार म्हणून पुरवठादाराने स्वतःचेच नाव टाकले आहे. रजिस्ट्रार म्हणाला की नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्याच सांगण्यावरून आम्ही बदल करू. शेवटी जुनी बिले, त्यांवर लिहिलेले डोमेनचे नाव, पैसे भरल्याच्या नोंदी आणि पुरवठादाराचा ‘तुमचे डोमेन नोंदवले आहे’ असा जुना ईमेल हे सगळे जोडून पाठवले. मग रजिस्ट्रारने पुरवठादाराकडे खुलासा मागितला आणि त्यानंतर बदल झाला. तेव्हा जुने ईमेल काढून टाकले नव्हते, हे फार कामी आले.

‘.इन’ डोमेनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते, आयकॅन नव्हे. त्यामुळे रजिस्ट्रारने दाद दिली नाही तर ‘.इन’वाल्यांनी निक्सीकडे जावे.

पांझराकाठ दादा, आपण वकिली करता म्हणून विचारतो. आम्ही व्यापारी असल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही असे मला एकाने सांगितले. ते खरे आहे का?

पांझराकाठ

अर्धेच खरे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला वगळलेले आहे. परंतु जो माणूस स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी सेवा घेतो, त्याचा हेतू व्यापारी मानला जात नाही. आपण स्वतः घरच्या माणसांसह भाव लिहीत असाल आणि तोच आपला चरितार्थ असेल तर तक्रार टिकू शकते. मोठी निर्यात कंपनी असेल तर कठीण आहे. वाचनालयाच्या बाबतीत ही अडचण येण्याचे कारण मला दिसत नाही, कारण त्यांचे संकेतस्थळ नफ्यासाठी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात ग्राहकाला एक मोठी सोय आहे. पुरवठादाराचे कार्यालय कुठेही असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. अनेरकाठ यांच्यासाठी तो जळगावचा आयोग होईल. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तो खटला नव्हे, पण काही वेळा तेवढ्यानेच समोरचा पक्ष बोलू लागतो आणि पुढे तक्रारीच्या वेळी ती नोंद उपयोगी पडते. सेवा ऑनलाइन विकत घेतली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे बंधन आहे. पुरवठादाराच्या पानावर अशा अधिकाऱ्याचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर नोटिशीत तसे लिहा.

पुराव्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तिथेच लोकांचे हाल होतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे आणि त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. पडद्याचे नुसते छायाचित्र पुरेसे समजू नका. ईमेल पूर्ण स्वरूपात, शीर्षभागासह जतन करा. तक्रार आपोआप बंद झाल्याचे संदेशही ठेवा. पुरवठादाराचे मौन सिद्ध करणारे तेच सर्वांत बोलके कागद आहेत.

डोमेनविषयी रावेरकरांनी जे सांगितले ते लक्षात ठेवा. शेत कोण कसतो यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कोणाचे हे आधी पाहिले जाते, तसेच इथे आहे. म्हणून रजिस्ट्रारला लिहिताना कार्यकारिणीचा ठराव, वाचनालयाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पत्र लिहिणाऱ्याला अधिकार दिल्याचे पत्र हे तिन्ही जोडा. कोणीतरी एकट्या माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलेल्या पत्राला ते किंमत देणार नाहीत.

नोटीस मात्र मी आजच पाठवली असती. उशीर केल्याने काहीही मिळत नाही.

गोमाई

पांझराकाठ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. मी स्वतः शहादा परिसरात लहान प्रमाणावर होस्टिंग देतो, म्हणून दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्यासारखे लोक मोठ्या कंपनीकडून सर्व्हर घेतात आणि त्याचे भाग करून विकतात. सीपॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येनुसार परवाना आकारायला सुरुवात केली, तेव्हापासून कमी दरात खूप ग्राहक ठेवणे अवघड झाले. अनेक ठिकाणी सगळा व्यवसाय एकच माणूस पाहतो. तो आजारी पडला, दुसऱ्या नोकरीला लागला किंवा मूळ कंपनीचे पैसे थकले की ग्राहकांना उत्तर देणारे कोणी उरत नाही. यात नेहमीच लबाडी असते असे नाही. पण ग्राहकाने एक गोष्ट समजून घ्यावी. मूळ कंपनीचे पैसे थकले असतील तर सर्व्हर एका क्षणात बंद होतो, आणि तेव्हा सगळ्या ग्राहकांचा डेटा एकत्रच अडकतो. तुमचा सर्व्हर डिस्क भरेपर्यंत कोणी पाहिलेला नाही, याचा अर्थ त्याकडे कोणाचे लक्ष नाही. म्हणून प्रत हातात येण्याआधी नोटीस पाठवू नका. समोरचा चिडून खाते बंद करू शकतो, आणि मग न्याय मिळेलही, पण ध्वनिमुद्रणे मिळतील याची खात्री नाही. त्याच कारणासाठी तोवर त्याचे मासिक बिलही थांबवू नका. कार्डाने भरलेल्या पैशांवर बँकेत हरकत घेण्याचा मार्ग आहे, तोही नंतरच वापरा.

आता पुरवठादाराला शेवटचा ईमेल कसा लिहावा ते सांगतो. ग्राहक बहुधा ‘साइट बंद आहे, ताबडतोब पाहा’ एवढेच लिहितात. त्यावरून आम्हाला काहीच करता येत नाही. एकाच ईमेलमध्ये डोमेनचे नाव, सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील त्याचा क्रमांक), बंद पडण्याची वेळ आणि दिसलेला संदेश जसाच्या तसा लिहा. त्यानंतर नेमके काय हवे ते लिहा. डोमेनचे कुलूप काढणे, हस्तांतराचा संकेत देणे आणि डेटाबेसची प्रत देणे या तीन मागण्या आणि त्यासाठी एक तारीख, एवढे पुरे. दहा वेगवेगळ्या तक्रारी नोंदवू नका. जुन्याच तक्रारीला उत्तर द्या, म्हणजे क्रम टिकतो.

आयपी पत्त्यावरून मूळ कंपनीही शोधता येते. आशिया-पॅसिफिक भागातील पत्त्यांची नोंद एपनिक या संस्थेकडे असते, भारतात ती आयआरआयएनएन या संस्थेकडे असते. त्या कंपनीला लिहिले तर ती तुमचा डेटा तुम्हाला देणार नाही, कारण तिचा ग्राहक तुम्ही नसून पुरवठादार आहे. पण सर्व्हर चालू राहणार आहे का, एवढे कधीकधी कळते, आणि तिच्याकडून पुरवठादाराला फोन गेला तर तो ऐकतो.

पांझराकाठ

गोमाई यांचा मुद्दा मान्य. मी पुराव्याच्या बाजूने विचार करत होतो, डेटाच्या बाजूने नव्हे. प्रत मिळेपर्यंत नोटीस थांबवावी, मात्र मसुदा तयार ठेवावा. पाठवताना ती ईमेलने आणि स्पीड पोस्टने अशी दोन्ही प्रकारे पाठवावी, आणि पत्ता बिलावर जो छापलेला आहे तोच वापरावा.

सातपुडा

मी स्वतः अनेरकाठ यांच्या संग्रहाला शब्द पाठवलेले आहेत, म्हणून हा धागा काळजीने वाचतो आहे. एक प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे जुने संकेतस्थळ दुसरीकडे हलवले, तेव्हा सगळा मराठी मजकूर अगम्य रोमन चिन्हांत बदलला आणि तो कधीच नीट झाला नाही. इथे तसे होऊ नये म्हणून काय करावे? आणि इंटरनेट आर्काइव्हमधून काही मिळू शकते का?

भुसावळी

अतिशय योग्य वेळी विचारलेत. हा धोका इंग्रजी संकेतस्थळांना जवळजवळ नसतो, आपल्याला असतो, म्हणून परक्या मार्गदर्शिकांमध्ये तो फारसा सापडत नाही.

यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या अक्षरसंचात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. जुन्या डेटाबेसमध्ये तक्त्याचा अक्षरसंच लॅटिन-१, म्हणजे रोमन लिपीपुरता, ठेवलेला असे, आणि वर्डप्रेसची जोडणीही लॅटिन-१ असे. दोन्हीकडे तीच चूक असल्याने संकेतस्थळावर मराठी व्यवस्थित दिसायचे, पण डेटाबेसच्या दृष्टीने ते तीन-तीन परकी अक्षरे असायचे. अशा डेटाबेसची निर्यात करताना प्रत्येक परक्या अक्षराचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर होते, आणि नवीन जागी जोडणी यूटीएफ-८ झाली की तुम्ही पाहिला तो अगम्य मजकूर दिसतो. वर्डप्रेस एप्रिल २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून यूटीएफ-८-एमबी-४ हा यूटीएफ-८चा पूर्ण प्रकार वापरते, पण त्याआधी उभारलेल्या संकेतस्थळांत जुना दोष राहिलेला असू शकतो.

तपासणी सोपी आहे. पीएचपीमायअॅडमिनमध्ये नोंदींचा तक्ता उघडून एखादी ओवी वाचून पाहा. तिथे देवनागरी स्वच्छ वाचता येत असेल तर चिंता नाही, नेहमीप्रमाणे उतरवा. तिथे मात्रा आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसली तर निर्यात जशी आहे तशी ठेवा, त्या फाइलीला हात लावू नका आणि दुरुस्तीचे प्रयोग तिच्या नकलेवर करा. असा मजकूर गेलेला नसतो. बाइट शाबूत असतात, फक्त त्यांना चुकीचे नाव लागलेले असते, आणि उलट रूपांतर केले की तो परत येतो. तो कायमचा जातो तेव्हा, जेव्हा कोणीतरी तशा बिघडलेल्या स्थितीतच संपादन करून जतन करतो किंवा वाचता न आलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात. प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळवण्याचा मार्ग नाही. सातपुडा, आपल्या महाविद्यालयाची जुनी निर्यात फाइल कोणाकडे शिल्लक असेल तर ती अवश्य पाहायला द्या.

इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पानांचा मजकूर आणि चित्रे बऱ्याचदा सापडतात. ध्वनिफाइली मात्र प्रत्येक वेळी साठवलेल्या नसतात. ज्या सापडतील त्या आत्ताच उतरवून घ्या.

प्रत ठेवण्याबद्दलही बोलतो. ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या स्ट्रासबर्ग येथील केंद्राला १० मार्च २०२१ रोजी आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांच्या बॅकअप-प्रती त्याच परिसरात होत्या, त्यांपैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी आणि एक क्लाउडवर अशी ठेवा. नव्या होस्टिंग कंपनीने रोज बॅकअप घेतो असे सांगितले तरीही.

गिरणाकाठ

प्रत्यक्ष स्थलांतराचा क्रम राहिला आहे, तो लिहितो. नव्या जागी संकेतस्थळ आधी पूर्ण उभे करा आणि जुने चालू असतानाच ते तपासा. त्यासाठी आपल्या संगणकातील होस्ट्स फाइलमध्ये डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता लिहा. म्हणजे फक्त तुमच्या संगणकावर नवे संकेतस्थळ उघडेल आणि बाकी जगाला जुनेच दिसेल. एखादी अहिराणी ओवी, एखादे ध्वनिमुद्रण आणि शोधाची सोय तपासा. नंतर ती ओळ फाइलमधून काढायला विसरू नका.

ईमेलचा विचार यापूर्वी करा. नेमसर्व्हर बदलले की ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावे हे सांगणारी एमएक्स नोंदही बदलते आणि जुन्या पेट्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. थंडरबर्ड या ईमेल-प्रोग्राममध्ये आयमॅप पद्धतीने सगळ्या पेट्या जोडा, सर्व पत्रे पूर्ण उतरू द्या आणि ती स्थानिक फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. नुसती आयमॅपवर दिसणारी पत्रे म्हणजे प्रत नव्हे, सर्व्हर गेला की तीही जातात.

सीपॅनेलमधील झोन एडिटर (डोमेनच्या नोंदी बदलण्याचे साधन) चालत असेल तर नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर जुनी नोंद लक्षात ठेवतात तो काळ, एक दिवस आधी पाच मिनिटांवर, म्हणजे ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हर बदलल्यावर काही तास काहींना जुने आणि काहींना नवे दिसेल. त्या काळात संग्रहात नवीन भर घालू नका, नाही तर ती जुन्याच डेटाबेसमध्ये जाईल. सुरक्षित जोडणीसाठीचे एसएसएल प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर पुन्हा घ्यावे लागेल. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य आहे, पण डोमेन नव्या पत्त्यावर वळल्यावरच ते सहज मिळते.

आणि यापुढे डोमेन एका ठिकाणी, होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवा. शक्य असल्यास डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारी सेवा, हीही तिसऱ्याच ठिकाणी असू द्या. होस्टिंगवाला गप्प झाला तरी नेमसर्व्हर आपल्या हातात राहिले की दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ दुसरीकडे वळवता येते.

अनेरकाठ

सर्वांना नमस्कार. काम कुठपर्यंत आले ते कळवतो.

डेटाबेस एकेक तक्ता करून उतरला. नोंदींच्या तक्त्यात देवनागरी स्वच्छ वाचता येत होती, त्यामुळे भुसावळी यांनी सांगितलेला धोका आमच्या वाट्याला आला नाही. रजिस्ट्रारला ठराव, प्रमाणपत्र आणि अधिकारपत्र जोडून लिहिले. नोंदणीदार म्हणून वाचनालयाचेच नाव असल्याचे त्यांनी कळवले. पडताळणीनंतर डोमेन त्यांच्याच थेट खात्यात हलवून दिले आणि तिथेच नूतनीकरणही झाले, त्यामुळे हस्तांतराची आत्ता गरज उरली नाही. नवे होस्टिंग वेगळ्या कंपनीचे घेतले आहे. होस्ट्स फाइलने तपासून मग नेमसर्व्हर बदलले. सध्या संकेतस्थळ नव्या जागेवरून उघडते आहे.

पुरवठादाराला गोमाई यांनी सांगितल्याप्रमाणे एकच सविस्तर ईमेल पाठवला होता. त्यालाही उत्तर आले नाही. आता प्रती हातात असल्याने पांझराकाठ यांच्या मसुद्यानुसार नोटीस स्पीड पोस्टने गेली आहे. तिच्यात भरलेल्या रकमेचा उरलेला भाग परत देण्याची आणि सदस्यांची माहिती त्यांच्या सर्व्हरवरून पुसण्याची मागणी केली आहे. हेल्पलाइनवरही नोंद केली. जुन्या सर्व्हरवरचे सगळे पासवर्ड नव्या जागी बदलले आहेत.

एक अडचण राहिली आहे. अपलोड्सच्या फोल्डरमधील काही ध्वनिफाइली उतरताना तुटल्या. त्या पुन्हा उतरवण्याआधीच जुना सर्व्हर पूर्ण बंद झाला. वेबॅक मशीनवर त्यांची पाने आहेत, आवाज नाही. यात आखाजीच्या गाण्यांची बरीच मुद्रणे आहेत, विशेषतः शिरपूर आणि यावल भागातली.

सातपुडा

यावल भागातील गाणी आम्हीच मोबाइलवर मुद्रित करून पाठवली होती. माझ्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डात मूळ फाइली असायला हव्यात. आज रात्री पाहून वाचनालयाच्या नव्या पत्त्यावर पाठवतो. शिरपूरची मुद्रणे ज्यांनी केली ते गृहस्थ मला ओळखीचे आहेत, त्यांनाही फोन करतो.

भुसावळी

पाठवताना व्हॉट्सअॅपवर ध्वनिफीत म्हणून पाठवू नका, मूळ फाइल दस्तऐवज म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवा. अनेरकाठ, तुटलेल्या फाइलीही काढून टाकू नका. एमपी-३ फाइल अर्धी उतरली असली तरी जेवढी उतरली तेवढी वाजते. मूळ मिळेपर्यंत तेवढा भाग संग्रहात राहू द्या आणि त्याखाली ‘अपूर्ण’ अशी नोंद करा. कोणत्या फाइली तुटल्या त्यांची नावे इथे टाकलीत तर ज्यांनी ज्यांनी मुद्रणे पाठवली होती त्यांना आपापले शोधता येईल.

अनेरकाठ

यादी तयार करतो आहे. गाण्याचे पहिले चरण, गाव आणि मुद्रणाचे वर्ष एवढे प्रत्येक फाइलीपुढे लिहून उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो.